तार आधी, झाकण नंतर

प्रवासी विमानांत भरल्या जाणाऱ्या जेट ए-1 या इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान 38 अंश सेल्सिअस असावा, असे मानक सांगते. त्याहून थंड असताना या इंधनाची वाफ इतकी विरळ असते की ठिणगी पडली तरी ती पेट घेत नाही. फ्रँकफर्टच्या किंवा लंडनच्या विमानतळावर काम करणाऱ्याला हा आकडा जवळजवळ बारा महिने निर्धास्त ठेवतो. विदर्भात त्याची मुदत साधारण होळीपर्यंत. पुढे पारा 38 ओलांडतो, एप्रिल-मेमध्ये गोंदिया, नागपूर, अकोला या पट्ट्यात 44-45 अंशांचे कोणाला नवल वाटत नाही, आणि उन्हात उभ्या केलेल्या विमानाच्या पंखातली टाकी हवेहून जास्त तापते. युरोप-अमेरिकेत 'सुरक्षित' म्हणून जे इंधन निवडले गेले, ते आपल्याकडे वर्षातले तीन महिने तसे राहत नाही. त्याच महिन्यांत दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि स्थिर विद्युत अशाच हवेत साठते.

त्यात आता विमानेच धातूची राहिलेली नाहीत. काचतंतू आणि कार्बन तंतू रेझिनमध्ये बसवून केलेल्या, म्हणजे कंपोझिट सांगाड्याच्या विमानांत इंधन भरताना स्थिर विद्युतेपासून काय धोका असतो आणि तो कसा टळतो, याचा हा आढावा आहे. तो बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडच्या बाजूने घेतला आहे, म्हणून कोणी भुवया उंचावतील. सिंदखेडराजा ते मेहकर रस्त्यावरचे हे गाव. इथे विमानतळ नाही, जवळचा मोठा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा. पण प्रश्न विमानतळाच्या कुंपणाआड राहणारा नाही. त्यातला अर्धा भाग पेट्रोल पंपावर भेटतो, उरलेला निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टरमधून उतरतो.

आधी ठिणगीचे गणित पाहू. पेट्रोलची किंवा केरोसीनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाचे शरीर हा एक छोटा विद्युत-साठाच आहे. त्याची धारिता सुमारे 100 पिकोफॅरड धरली, तर टेरिकॉटचे कपडे घालून रेक्झिनच्या सीटवरून उठताना अंगावर 10 हजार व्होल्ट सहज चढतात आणि त्यातून 5 मिलिज्यूलची ठिणगी पडू शकते, म्हणजे गरजेच्या वीसपट. दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो, तो आपल्याला जाणवू लागतो सुमारे 3 हजार व्होल्टला. तिथेच ठिणगीत जवळपास अर्धा मिलिज्यूल असतो. चटका जाणवला तर वाफ पेटवायला पुरेशी ठिणगी पडून गेली, आणि जाणवला नाही म्हणून पडली नाही असे मानायला आधार नाही, कारण पाव मिलिज्यूलची ठिणगी माणसाला कळतच नाही.

इंधनही स्वतः विद्युत तयार करते. नळीतून वाहताना त्याचे कण भिंतीला घासतात आणि एका जातीचा भार नळीत मागे ठेवून दुसऱ्या जातीचा सोबत नेतात. सर्वांत जास्त भार फिल्टरमध्ये चढतो, कारण तिथे इंधनाला लाखो सूक्ष्म छिद्रांतून जावे लागते. शुद्ध केरोसीन विजेचे फार वाईट वाहक. त्याची वाहकता मोजण्यासाठी पिकोसीमेन्स प्रति मीटर हे सूक्ष्म एकक वापरतात. वाहकता 1 असेल तर आत चढलेला भार बराचसा ओसरायला 18-19 सेकंद लागतात, 50 असेल तर अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणूनच जेट ए-1 मध्ये भार पटकन ओसरवणारे रसायन अगदी नगण्य प्रमाणात मिसळतात. तसे मिसळलेल्या इंधनाची वाहकता 50 ते 600 च्या दरम्यान असावी लागते. या रसायनामुळे भार तयार व्हायचा थांबत नाही, तो साचून राहत नाही इतकेच. थंडीत वाहकता घटते, उन्हाळ्यात वाढते. त्यामुळे विदर्भात दोन ऋतूंचे दोन धोके होतात: डिसेंबरच्या पहाटे भार रेंगाळतो पण वाफ नसते, मे महिन्यात वाफ असते पण इंधनातला भार लवकर ओसरतो. निसर्गाने बरी वाटणी केली, असे म्हणता आले असते. पण मे महिन्यातल्या कोरड्या हवेत माणसाच्या अंगावरचा, कपड्यांवरचा आणि काचतंतूच्या पृष्ठभागावरचा भार काही ओसरत नाही. त्याचा इंधनाच्या वाहकतेशी संबंध नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण 'पावसाळ्यात स्टॅटिक नसते' हे वाक्य हँगरमध्ये नेहमी ऐकू येते आणि ते निम्मेच खरे आहे. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि त्यातून भार झिरपून जातो. पण बंद नळीतून वाहणाऱ्या इंधनाला बाहेरच्या दमटपणाचे काही देणेघेणे नाही. कोकणात ऐन जुलैतही फिल्टरमधून आलेले इंधन भारित असू शकते.

आता कंपोझिटकडे. अॅल्युमिनियमचे विमान म्हणजे सलग वाहक. एका जागी तार लावली की पंखाचे टोक, टाकीचे तोंड, झाकण, चाक सगळे एका पातळीवर येते. चुकीच्या जागी चिमटा लावला तरी धातूचे विमान सहसा सांभाळून घेई. कंपोझिट विमान असे सांभाळून घेत नाही. काचतंतूचे कवच सरळ अवाहक आहे, त्याला चिमटा लावणे म्हणजे भिंतीला लावणे. कार्बन तंतू वीज वाहतात, पण अॅल्युमिनियमच्या मानाने हजार पटीच्या आसपास कमी. शिवाय ते रेझिनमध्ये बुडालेले आणि वरून रंगाने झाकलेले असतात. भार हळूहळू ओसरून जायला तेवढी वाहकता पुरते, मात्र चिमटा प्रत्यक्ष तंतूंपर्यंत पोहोचला पाहिजे. तो पोहोचतो रंगापर्यंत.

धोका अवाहक कवचापेक्षाही त्यात बसवलेल्या एकट्या धातूच्या तुकड्याचा मोठा. काचतंतूच्या पृष्ठभागावर कोरड्या फडक्याने पुसताना भार चढतो, पण अवाहकावरचा भार जागच्या जागी अडकलेला असल्याने एका ठिणगीत सगळा बाहेर येत नाही, आसपासचा थोडासाच येतो. तेवढाही पेट्रोलच्या वाफेला पुरू शकतो. मात्र काचतंतूच्या टाकीला बसवलेले धातूचे तोंड, ज्याला कुठेच जोडणी नाही, ते सगळा भार गोळा करते आणि नोझल जवळ येताच एका फटक्यात सोडते. असा लहानसा एकाकी तुकडा 20 पिकोफॅरडचा आणि 10 हजार व्होल्टवर असला तर 1 मिलिज्यूल, पेट घ्यायला लागते त्याच्या चौपट. हौशी लोकांनी घरी बांधलेल्या काचतंतूच्या विमानांत हा दोष जुना आहे. टाकी काचतंतूची, तोंड अॅल्युमिनियमचे, मध्ये तार नाही. जाणकार बांधणारे आतून एक पट्टी टाकून तोंड, गाळणी आणि इंधनाची नळी इंजिनाशी जोडून घेतात. ती पट्टी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे जुने विमान विकत घेणाऱ्याने मीटर लावून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

कंपोझिटचा इतिहास इंधनापासून नव्हे, इंजिनच नसलेल्या विमानांपासून सुरू होतो. जर्मनीत 1957 मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी काचतंतूचे पहिले ग्लायडर उडवले, त्याचे नाव फिनिक्स. तिथून युरोपात ग्लायडरचे जग लाकडाकडून काचतंतूकडे वळले. भारतात बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे हंस हे दोन आसनी कंपोझिट प्रशिक्षण विमान 1993 मध्ये प्रथम उडाले. मोठ्या प्रवासी विमानांत हे साहित्य उशिरा आले आणि आले ते धडाक्याने: बोइंग 787 च्या सांगाड्याचे निम्मे वजन कंपोझिटचे आहे, एअरबस ए-350 मध्ये त्याहून थोडे जास्त. या गोष्टीत नागपूरचाही वाटा आहे. तिथल्या मिहान प्रकल्पात टाटा समूहाच्या टाल कंपनीने 787 च्या केबिनखालच्या कंपोझिट तुळया, म्हणजे फ्लोअर बीम, तयार करून बोइंगला पुरवल्या.

पण 787 हा आपल्या आढाव्यातला अवघड भाग नाही. त्याच्या टाक्यांत सुमारे 1 लाख 26 हजार लिटर इंधन मावते, पण ते बंद नळीतून दाबाने आत जाते. नळीचे तोंड विमानाला धातूला धातू लागून घट्ट बसते, उघडी वाफ कुठे नसते. पंखाच्या कवचात तांब्याची जाळी वा पत्रा असतो. तो आहे विजेचा तडाखा पसरवून टाकण्यासाठी, आणि जो विजेला पुरून उरतो त्याला स्टॅटिक म्हणजे किरकोळ. टाकीतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजनाने समृद्ध हवा सोडायची यंत्रणा असते. 17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए 800 या प्रवासी विमानाचा टाकीतल्या वाफेच्या स्फोटाने घात झाला, 230 माणसे गेली, आणि पुढे अमेरिकेच्या नियामकाने टाकीतली वाफ पेटू नये अशी व्यवस्था 2008 मध्ये सक्तीची केली. कंपोझिट पंखाबाबत नियामकांनी वेगळी अट घातली तीही यातूनच: धातूचा पंख उंचीवरच्या थंडीत झपाट्याने निवतो, कार्बनचा उशिरा, त्यामुळे जमिनीवर तापलेले इंधन बराच वेळ तापलेले राहते. नागपूरहून मे महिन्याच्या दुपारी उडणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

अवघड भाग आहे छोट्या विमानांचा, जिथे माणूस पंखावर वाकून झाकण उघडतो आणि पंपाच्या नोझलने इंधन ओततो. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ. तिथल्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या ताफ्यात डायमंड कंपनीची डीए-40 आणि डीए-42 विमाने आहेत, काच आणि कार्बन तंतूंची. दुसरे उदाहरण एनसीसीचे. 2015 मध्ये भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून व्हायरस एसडब्ल्यू-80 ही 194 छोटी विमाने मागवली, त्यातली 110 एनसीसीसाठी. आपल्याकडे त्यांना गरुड म्हणतात. हे विमान कंपोझिटचे, आणि इंजिन रोटॅक्सचे, जे मोटारीच्या पेट्रोलवर चालते. उघडी वाफ, अवाहक कवच, पेट्रोल आणि अठरा-वीस वर्षांची मुले असे सगळे एकत्र येते ते इथे. या दोन ठिकाणांत इंधनाच्या स्वभावाचा फरक आहे, तोही लक्षात ठेवावा. पेट्रोलची किंवा अॅव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, वाफ टाकीच्या आत इतकी दाट असते की ती आत सहसा पेटत नाही, हवा कमी पडते. धोका टाकीच्या तोंडाशी असतो, जिथे ती बाहेरच्या हवेत मिसळते आणि नेमका नोझल धरलेला हात असतो. जेट ए-1 चे उलट. ते थंड असताना कुठेच पेटत नाही, आणि तापून 40-50 अंशांवर गेले की टाकीच्या आत बरोबर पेटण्याजोगे मिश्रण तयार होते. डीए-42 च्या डिझेल पद्धतीच्या इंजिनांत जेट ए-1 भरतात. म्हणजे गोंदियाला मे महिन्यात धोका टाकीच्या तोंडापेक्षा पोटात जास्त. शिवाय नोझल उंच धरून इंधन शिंपडत ओतले तर तुषार उडतात, आणि तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटू शकतात.

मग करायचे काय? क्रम पाळायचा. टँकर किंवा पंप आणि विमान यांना जोडणारी तार आधी लावायची, तीही कुठेही नाही, विमानाच्या पुस्तिकेत नेमून दिलेल्या जागी. डायमंडच्या काही पुस्तिकांत ही जागा म्हणजे विमानात चढण्याच्या पायरीचा रंग न दिलेला भाग. नवख्या मुलाला ती पायरी दिसते, पण ती अर्थिंगची जागा आहे हे दिसत नाही. चिमटा घासून बसवायचा, कारण त्या उघड्या धातूवरही तेल-धूळ बसलेली असते. नंतर नोझलची तार वेगळी जोडायची. ती जोडेपर्यंत टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. झाकण उघडण्याआधी माणसाने स्वतः त्याच धातूला उघडा तळहात टेकवायचा, म्हणजे अंगावरचा भार वाफेपासून दूर असताना निघून जातो. नोझल आत गेल्यावर तोंडाच्या धातूला टेकलेली ठेवायची, शेवटच्या थेंबापर्यंत. सुरुवातीचा वेग कमी, नोझलचे तोंड इंधनात बुडाले की मग वाढवायचा. मोठ्या साठवण टाक्यांत हा सुरुवातीचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवतात. भरून झाल्यावर क्रम उलटा: आधी झाकण लावायचे, मग नोझलची तार, शेवटी विमानाची. मोठ्या साठ्यात इंधन मोजायला धातूची काठी लगेच घालायची नाही, भार ओसरायला वेळ द्यायचा. फिल्टर आणि टाकी यांच्यामध्येही इंधनाला निदान 30 सेकंद मिळावेत अशी आखणी करतात, ती याच कारणाने.

या सगळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे आणि पेट्रोल गाळायचे शॅमॉय कातडे यांना जागा नाही. जुन्या पायलटांचा शॅमॉयवर फार जीव. पाणी अडवायला ते उत्तमच, पण कोरडे कातडे आणि प्लॅस्टिकचे नरसाळे मिळून इंधनाला तारेपासून पूर्ण तोडतात. तार सगळीकडे जोडली आणि मध्ये नरसाळे ठेवले, तर तार लावली काय आणि न लावली काय, सारखेच. गाळायचेच असेल तर बारीक जाळीची धातूची गाळणी वापरावी, तोंडाला टेकलेली.

आपल्याकडे एक वाद कायम असतो: विमान जमिनीला जोडायचे की फक्त टँकरला? जुन्या पिढीला अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकल्याशिवाय चैन पडत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे विमानात इंधन भरण्याचे 407 क्रमांकाचे मानक विमान आणि टँकर एकमेकांना जोडणे सक्तीचे करते, जमिनीला जोडणे नाही. कारण साधे आहे. ठिणगी पडते दोन वस्तूंमधल्या फरकामुळे. नोझल आणि टाकीचे तोंड एका पातळीवर असले की त्यांच्यात ठिणगी पडायचे कारण उरत नाही, दोघे जमिनीपासून कितीही वर असोत. स्थिर भारासाठी दहा लाख ओहमपर्यंतचा रोध चालतो. तरी तारेचा रोध काही ओहमांतच असल्याचे तपासतात, ते तुटलेली तार सापडावी म्हणून. माझे मत विचाराल तर, रॉड शोधण्यात घालवलेला वेळ चिमटा घासून बसवण्यात घालवावा. पण विमानाच्या पुस्तिकेत जमिनीला जोडा असे लिहिले असेल, तर मत बाजूला ठेवून तेही करावे. छोट्या कंपोझिट विमानांच्या पुस्तिका बहुधा तसेच सांगतात.

आता दुसरबीडच्या बाजूला येऊ. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी राज्यभरातून माणसे येतात, आणि पुढारी बऱ्याचदा हेलिकॉप्टरने. निवडणुकीत तर तालुक्या-तालुक्यात मैदानांवर चुन्याची वर्तुळे आखली जातात. बुलढाणा लोकसभेचे मतदान 26 एप्रिल 2024 ला झाले, म्हणजे प्रचाराचा भर ऐन उन्हात. आजच्या हेलिकॉप्टरच्या पात्या बहुतेक कंपोझिटच्या आणि कवचाचा बराच भागही. धुळीच्या मैदानावर पाती फिरतात तेव्हा धूळ त्यांना घासून भार चढवते. हवेत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरवर हजारो व्होल्ट असू शकतात, म्हणूनच लटकते ओझे हुकाला अडकवणारे जवान आधी काठीने हुकाचा भार जमिनीत सोडतात. चाके जमिनीला टेकली की टायरमधल्या काजळीमुळे तो बऱ्यापैकी ओसरतो, पण घसरपट्टीच्या पायांवर उभे असलेले हेलिकॉप्टर मुरमाड कोरड्या जमिनीवर किंवा ताडपत्रीवर असेल, तर तसा भरवसा नाही. अशा ठिकाणी बॅरलमधून इंधन भरायची वेळ आली, तर विमानतळावरच्या सगळ्या सोयी एका माणसाच्या शिस्तीवर येऊन ठेपतात: बॅरल ते पंप तार, पंप ते हेलिकॉप्टर तार, फिल्टर, आणि पात्या पूर्ण थांबेपर्यंत झाकण बंद. गर्दी हटवायला आलेल्या पोलिसाला हे माहीत असायचे कारण नाही. पण हेलिपॅडच्या बंदोबस्ताच्या कागदात दोन ओळींनी ते येऊ शकते.

दुसरबीडच्या रोजच्या जगण्यात हाच प्रश्न प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी यंत्रासाठी, गवत कापायच्या यंत्रासाठी शेतकरी पाच लिटरचा कॅन मोटारसायकलच्या हँडलला अडकवून पंपावर येतो. बाटलीत पेट्रोल देऊ नये असे आदेश वेळोवेळी निघतात आणि हंगामात विरघळतात. कॅन गाडीवर लटकत असताना किंवा पिकअपच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून भरला, तर त्यात चढलेल्या भाराला जायला वाटच राहत नाही. तोच कॅन जमिनीवर ठेवून, नोझल तोंडाला टेकवून, सावकाश भरला तर धोका फार कमी होतो. धातूचा कॅन असेल तर आणखीच. नियम काटेकोर पाळणे शक्य नसले तरी एवढे करायला पैसा लागत नाही.

पंपावर मोबाइल बंद ठेवण्याचा फलक मात्र हटकून असतो. मोबाइलने पंपावर आग लागल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने स्थिर विद्युतेने लागलेल्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले: पेट्रोल भरत असताना माणूस परत गाडीत जाऊन बसला, सीटवर घासला, उठून थेट नोझलला हात लावला आणि आग लागली. तिथे स्वतःच पेट्रोल भरायची पद्धत आहे म्हणून हे घडते. आपल्याकडे पंपावरचा मुलगा भरतो, ही आपली नकळत झालेली सोय. तो मुलगा सुती कपड्यांत असेल तर आणखी बरे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला सुती कपडे घाला असे सांगावे लागावे, हे मजेचेच.

इथेनॉलबद्दलही दोन शब्द. दुसरबीडला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, जिजामाता नावाचा, आणि तो बंद पडला. त्याची हळहळ तालुक्यात अजून निघते. साखर कारखान्यांचे आजचे मोठे आशास्थान म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल. इथेनॉल वीज चांगली वाहते, त्यामुळे मिसळलेले पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा भार लवकर सोडते. या एका बाबतीत ते सुरक्षित. पण माणसाच्या अंगावरचा भार त्याने कमी होत नाही, वाफ पेटायची थांबत नाही, आणि रोटॅक्ससारख्या विमान-इंजिनांच्या उत्पादकांनी इथेनॉलवर मर्यादा घातलेली आहे. कंपोझिट टाकीच्या रेझिनला ते सोसेल की नाही, हाही उत्पादकाला विचारायचा प्रश्न. गावच्या पंपावरचे पेट्रोल विमानात घालण्याचा मोह इथेच सोडावा.

डिझेलचे उलट झाले. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 इंधन आले, गंधक 10 पीपीएमवर उतरले. गंधक काढताना डिझेलला मुळात थोडीफार वाहकता देणारे घटकही निघून जातात. अशा डिझेलने भरला जाणारा टँकर आधीच्या फेरीत पेट्रोल वाहत असेल, तर आत राहिलेली पेट्रोलची वाफ आणि डिझेलचा भार एकत्र येतात. टँकर भरण्याच्या डेपोत या प्रकाराला वेगळे नाव आहे, स्विच लोडिंग, आणि त्यासाठी वेगाची मर्यादा आणखी खाली आणतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून रोज जाणाऱ्या टँकरांपैकी कोणाच्या पोटात आधी काय होते, हे रस्त्यावरून कळत नाही.

नियमांची बाजू कमकुवत नाही. पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचे मुख्यालय नागपूरलाच आहे. 1934 चा पेट्रोलियम कायदा आणि 2002 चे पेट्रोलियम नियम तिच्या अखत्यारीत येतात. कायदा फ्लॅश पॉइंटवरून वर्ग पाडतो: 23 अंशांच्या खाली 'अ', म्हणजे पेट्रोल, 23 ते 65 'ब', त्यात जेट ए-1 बसते. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे, म्हणजे ओआयएसडीचे, 110 क्रमांकाचे मार्गदर्शन स्थिर विद्युतेवरच आहे आणि 235 क्रमांकाचे मानक विमानतळावरच्या इंधन केंद्रांसाठी. माझी तक्रार त्यांच्या मजकुराबद्दल नाही. ज्याच्या हातात नोझल असते त्या मदतनिसापर्यंत तो मजकूर त्याच्या भाषेत पोहोचतो का, याबद्दल आहे. गोंदियाचा मदतनीस गोंदियाचा असतो. झाकणाशेजारी, पंखावरच, 'तार आधी, झाकण नंतर' असे मराठीत आणि हिंदीत छापलेले एक स्टिकर लावले, तर त्याने अनेक पानांचे काम होईल. आणि तापमानाची नोंद: 38 च्या वर पारा असेल त्या दिवशी जेट ए-1 पेट्रोलसारखे हाताळा, अशी एक ओळ विदर्भातल्या हवाई केंद्रांच्या स्थानिक सूचनांत असावी. पश्चिमेकडून आलेल्या पुस्तिकेत ती मिळणार नाही, कारण तिथे तिची गरज क्वचितच पडते.

दुसरबीडच्या आसपास कंपोझिट विमाने यायची ती बहुधा अशी येतील: शेतावर फवारणी करणारे ड्रोन, कार्बन तंतूच्या हातांचे. हे बॅटरीवर चालतात, म्हणून त्यांच्यात इंधनाचा प्रश्न नाही. पण बॅटऱ्या बांधावरच चार्ज करायला सोबत पेट्रोलचा जनरेटर असतो. एका बॅटरीची फवारणी काही मिनिटांत आटोपते, म्हणून जनरेटर दिवसभर चालू असतो, तापलेला. त्याची टाकी संपली की बांधावर ठेवलेला तोच पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन उचलला जातो, गरम सायलेन्सरशेजारी, कोरड्या सोयाबीनच्या काडात, नायलॉनचे जाकीट घातलेल्या मुलाकडून. जनरेटर बंद करून निवू द्यावा, कॅन जमिनीवर टेकवून मग उचलावा, टाकीच्या धातूला आधी हात लावावा. ड्रोन शिकवणाऱ्या वर्गात उडवण्याचे सगळे शिकवतात. हे पाच मिनिटांचे काम त्यात घालायला जागा आहे.